हेरबाई यवतमाळला का उतरत नाही?

वसाहतकाळातले एखादे शहर, शिकलेली, धीट आणि थोडीशी हट्टी अशी एक तरुणी, दिवाणखान्यापासून फार दूर नसलेले एक प्रेत आणि खुन्याचे नाव उघड होता होता जुळू पाहणारे एक प्रेमप्रकरण : एवढ्या सामग्रीवर ज्याचा संसार चालतो त्या हलक्याफुलक्या ऐतिहासिक रहस्यकादंबरीला सध्या बरकत आहे. या प्रकारातल्या भारतीय पार्श्वभूमीच्या गाजलेल्या कादंबऱ्या इंग्रजीत लिहिलेल्या आहेत. सुजाता मॅसी यांची ‘द विडोज ऑफ मलबार हिल’ (२०१८) ही १९२१ च्या मुंबईत घडते. हरिणी नागेंद्र यांची ‘द बँगलोर डिटेक्टिव्ह्ज क्लब’ (२०२२) त्याच वर्षीच्या बंगळुरात. पहिलीची नायिका पारशी वकील परवीन मिस्त्री, दुसरीची नवपरिणीत कावेरी. दोघींनाही मोठा वाचकवर्ग मिळालेला आहे आणि अशी एखादी हेरबाई मराठीत का नाही, ही हळहळ त्यामागोमाग येणे स्वाभाविक आहे.

या हळहळीला मराठी समीक्षेच्या पठडीत दोन उत्तरे तयार असतात. पहिले जुने आहे : रंजनपर लेखनाची दखल घेणे हे समीक्षेचे काम नव्हे. दुसरे नवे आहे : अशा कादंबऱ्या इतिहासात हरवलेल्या स्त्रीला तिचे कर्तृत्व परत देतात, सबब त्यांचे स्वागत करावे. वरवर विरोधी वाटणाऱ्या या दोन्ही भूमिकांच्या बुडाशी एकच गृहीत आहे. हलकेपणा म्हणजे आशयाला बाहेरून दिलेला रंग, असे दोन्ही पक्ष मानतात. एकाला तो रंग खपत नाही, दुसऱ्याला चालतो. वस्तुतः हा हलकेपणा लेखक आणि वाचक यांच्यात झालेल्या एका अलिखित करारातून येतो. मुंबई-बंगळुरात तो करार मुकाट्याने पाळला जातो, म्हणून तिथे तो दिसत नाही. हीच कथा उचलून यवतमाळ जिल्ह्यात नेऊन ठेवली तर तो मोडतो आणि मोडताना त्याची कलमे एकेक करून वाचता येतात. या प्रकाराची चिकित्सा करायची तर ती तिथून करणे अधिक फलदायी आहे.

१

कराराचे पहिले कलम प्रेतासंबंधी आहे. डब्ल्यू. एच. ऑडेन यांनी ‘द गिल्टी व्हिकरेज’ (१९४८) या निबंधात ते नेमके पकडले होते. हेरकथेतला समाज मुळात निष्पाप आणि सुव्यवस्थित असावा लागतो. तिथे पडलेले प्रेत धक्कादायकरीत्या विसंगत दिसावे लागते, स्वच्छ गालिच्यावर पडलेल्या घाणीसारखे. तपासाचे काम ती विसंगती दूर करून मूळची निरागसता परत आणण्याचे. थोडक्यात, मृत्यू हा अपवाद आहे यावर वाचकाचा विश्वास असेल तरच त्याला हेरकथेत मौज वाटते.

दुसरे कलम काळासंबंधी. त्झ्वेतान तोदोरोव्ह यांच्या १९६६ च्या प्रसिद्ध मांडणीनुसार हेरकथेत दोन कथा असतात : गुन्ह्याची आणि तपासाची. गुन्ह्याची कथा पुस्तक सुरू होण्यापूर्वीच संपलेली असते. वाचकासमोर घडते ती तपासाची. ऐतिहासिक हेरकथेत हे संपलेपण दुहेरी होते. गुन्हा तपासापूर्वी संपला आणि तो सबंध काळ वाचकापूर्वी संपला. या दुहेरी अंतरामुळेच रक्त सुकलेले असते आणि हसायला मोकळीक मिळते. तेव्हाचे झगे, टांगे, चिनीमातीची भांडी यांच्या वर्णनात या कादंबऱ्या इतक्या रमतात त्याचेही कारण हेच. तपशील जितका देखणा, तितका तो काळ बंद कपाटात ठेवल्यासारखा सुरक्षित.

तिसरे कलम प्रेमासंबंधी आहे आणि त्याकडे सर्वांत कमी लक्ष गेलेले आहे. हेरबाईने तपासातून ज्ञान मिळवले. आता त्या ज्ञानाचे करायचे काय? ते धोकादायक आहे, कारण घराघरांतले झाकलेले तिला ठाऊक झालेले असते. प्रेमप्रकरण या प्रश्नाची सोय लावते. शोधणाऱ्या स्त्रीला ते कुठल्या तरी बाजूने व्यवस्थेच्या घरात आणून सोडते. म्हणून नायिका कोणावर भाळते, हा या प्रकारात केवळ आवडीनिवडीचा प्रश्न राहत नाही. नवऱ्यापासून विभक्त झालेली परवीन ‘द सातापूर मूनस्टोन’ (२०१९) मध्ये सह्याद्रीतील एका कल्पित संस्थानात जाते आणि तिथे तिचे मन ओढले जाते ते कॉलिन सँडरिंगहॅम या इंग्रज मुलकी अधिकाऱ्याकडे. तो सुजाण आहे, एका पायाने अधू आहे, एतद्देशीयांशी सभ्यपणे वागतो. लेखिकेने हे नाते संयमाने हाताळले आहे, हे मान्य करावे लागेल. पण संयमामुळे त्याचा अर्थ बदलत नाही. संस्थानाच्या कारभारावर देखरेख ठेवणारी सत्ता एका लाजऱ्या, हळव्या पुरुषाच्या रूपाने समोर आली की तिच्याशी भांडण करणे वाचकालाच असभ्यपणाचे वाटू लागते.

परवीनच्या बाबतीत अन्याय होऊ नये म्हणून एक गोष्ट नोंदवली पाहिजे. पहिल्या कादंबरीतील तिच्या फसलेल्या लग्नाचा भाग या सबंध मालिकेतला सर्वांत सकस भाग आहे. १८६५ च्या पारशी विवाह कायद्याच्या चौकटीत तिला घटस्फोट मिळत नाही. विभक्त राहण्यापलीकडे वाट नाही. इथे कादंबरी स्वतःच्या करारातून क्षणभर बाहेर पडते. कारण इथला अपराध एखाद्या खलपुरुषापाशी संपत नाही, तो कायद्याच्या कलमात लिहिलेला आहे. मात्र पुढचे प्रेत पडताच लेखिका या वाटेवरून परत फिरते.

परवीनची घडण कॉर्नेलिया सोराबजी आणि मिठन टाटा-लाम या दोन स्त्री-वकिलांच्या चरित्रांवरून झाली आहे. यांतील सोराबजी महाराष्ट्राला जवळच्या. १८६६ मध्ये नाशिकला जन्म, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिक्षण, ऑक्सफर्डला कायद्याची परीक्षा देणारी पहिली स्त्री आणि १९०४ पासून बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्सची सल्लागार. पडद्यातल्या वारसदार स्त्रियांच्या मालमत्ता, वारसाहक्काची भांडणे, अज्ञान मुलांची सुरक्षितता हे सारे त्यांच्या कामात येई. हेरबाई म्हणून इतिहासात खरोखरच कोणी असेल तर त्या हीच. पण सोराबजी ब्रिटिश साम्राज्याच्या निष्ठावंत समर्थक होत्या. कॅथरिन मेयोच्या ‘मदर इंडिया’ (१९२७) या पुस्तकाची बाजू त्यांनी उघडपणे घेतली आणि त्याची किंमतही मोजली. अंतःपुरात शिरण्याचा त्यांचा परवाना सरकारने दिलेला होता, ही गोष्ट त्यांनी कधी लपवली नाही. कादंबरीने त्यांचे धाडस घेतले, पेशा घेतला, पडद्याआड जाण्याची सवलत घेतली आणि निष्ठा तेवढी गाळली. परवीनची सहानुभूती स्वातंत्र्यवाद्यांकडे, तिचे हृदय मात्र राजकीय अधिकाऱ्याकडे. इतिहासातला जो पेच सोराबजींना आयुष्यभर पुरला, तो इथे प्रेमकथेच्या गोडव्यात विरघळून जातो. स्त्रीला इतिहास परत दिला, हा दावा या ठिकाणी तपासून घ्यायला हवा. दिला आहे तो धुऊन, इस्त्री करून.

२

आता हेच सूत्र घेऊन एखाद्या मराठी लेखिकेने यवतमाळ जिल्हा निवडला असे समजावे. सामग्री हाताशी आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी किलिक-निक्सन कंपनीने उभारलेली मुर्तिजापूर–यवतमाळ ही ११३ किलोमीटरची अरुंद रेल्वे, जिला पुढे ‘शकुंतला’ हे लाडके नाव मिळाले. तिचे मँचेस्टरमध्ये तयार झालेले, १९९४ पर्यंत धावणारे वाफेचे इंजिन. जिनिंगचे कारखाने, सिव्हिल लाइन्सचे बंगले, सागवानाची जंगले. डब्यात नायिका, समोरच्या बाकावर तरुण असिस्टंट कमिशनर, दारव्ह्याच्या पुढे केव्हातरी किंकाळी. पहिले प्रकरण सहज लिहून होईल.

अडचण दुसऱ्या प्रकरणापासून सुरू होते. शकुंतला धावत होती ती वऱ्हाडचा कापूस मुंबईमार्गे मँचेस्टरला पोचवण्यासाठी. वऱ्हाड निजामाकडून १८५३ मध्ये इंग्रजांच्या ताब्यात आले. आजच्या यवतमाळचा तेव्हाचा ‘वणी जिल्हा’ १८६४ मध्ये वेगळा काढण्यात आला आणि त्याला यवतमाळ हे नाव १९०५ मध्ये मिळाले. याच मधल्या चाळीसएक वर्षांत वऱ्हाडची काळी जमीन जागतिक बाजाराला बांधली गेली. धान्याखालची जमीन कापसाकडे वळली, शेतकरी सावकाराकडे. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांत, कापसाने श्रीमंत म्हणवल्या जाणाऱ्या या प्रांतात माणसे मोठ्या संख्येने मेली. १९०० सालच्या वणीत हेरकथा रचणाऱ्या लेखिकेपुढचा पहिला प्रश्न कलात्मकच आहे : एवढ्या प्रेतांतून नेमके एकच कोणते निवडायचे? ऑडेनच्या नियमाप्रमाणे ते विसंगत दिसायला हवे. इथे विसंगत दिसेल तो स्वच्छ गालिचा.

गुन्हेगार शोधण्याची वेळ आली की आणखी पंचाईत होते. कार्लो गिन्झबर्ग यांनी १९७९ च्या ‘क्लूज’ या निबंधात हेराच्या ज्ञानपद्धतीचा उगम शिकाऱ्यापर्यंत नेला आहे. चिखलातले पाऊल, मोडलेली काडी, अडकलेला केस यांवरून न दिसलेल्या प्राण्याची कथा जुळवणारा शिकारी हा शेरलॉक होम्सचा आद्य पूर्वज. मराठीला हे समजायला इटलीपर्यंत जायची गरज नव्हती. ‘माग काढणे’ हा शब्दप्रयोग पावलांवरूनच आलेला आहे. गावगाड्यात चोरी झाली की जागल्याने पावलांचा माग काढत शिवेपर्यंत जायचे आणि माग पुढच्या गावात शिरला की जबाबदारी त्या गावाची, अशी रीत होती. रानातला माग जाणणारे पारधी, कोलाम, गोंड या परिसरात होते आणि आहेत. म्हणजे हेरविद्येचे मूळ मालक इथेच सापडतात. वसाहतीच्या कायद्याने त्यांच्याकडे कसे पाहिले? १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा आला. पुढे पारध्यांसारख्या जमाती त्याच्या कक्षेत ओढल्या गेल्या. माणूस जन्मतःच गुन्हेगार असू शकतो हे त्या कायद्याचे गृहीत होते आणि तो रद्द व्हायला ३१ ऑगस्ट १९५२ उजाडावा लागला. ज्याला माग काढता येतो तोच संशयित, आणि ज्याला रान ठाऊक नाही असा गोरा अधिकारी तपासणीस : ही अदलाबदल झाल्यावरच वसाहतीतली हेरकथा शक्य होते. तिची नायिका ज्या तरुण असिस्टंट कमिशनरच्या प्रेमात पडायची आहे, त्याच्या टेबलावर ही यादी पडलेली असते.

याच जिल्ह्यात १० जुलै १९३० रोजी पुसदजवळ लोकनायक बापूजी अणे यांनी राखीव जंगलातले गवत कापून जंगल सत्याग्रह केला. गुन्हा आगाऊ जाहीर झालेला, गुन्हेगार स्वतः हजर, पुरावा म्हणून हातात विळा आणि गवताची पेंढी. हेरबाई अशा ठिकाणी काय करील? शोधण्यासारखे इथे एकच शिल्लक राहते : गवत कापणे हा गुन्हा ठरला केव्हा, कोणी ठरवला आणि कोणाच्या सोयीसाठी. हा प्रश्न विचारताच हेरकथेचे तोंड गुन्हेगाराकडून कायद्याकडे वळते आणि करार संपतो. हेरबाई यवतमाळला उतरत नाही त्याचे कारण हे आहे. स्टेशन मागासलेले आहे म्हणून ती उतरत नाही, असा समज करून घेण्याचे कारण नाही.

३

इथे थांबले तर हे विवेचन जुन्याच निष्कर्षाला पोचेल, की हा प्रकार परका आहे आणि मराठीने त्याच्या वाटेला जाऊ नये. देशीवादी भूमिकेला हा निष्कर्ष सोयीचा आहे. पण तो वाङ्मयेतिहासाच्या कसोटीवर टिकत नाही. कारण शोध घेणारी स्त्री मराठी कादंबरीत पहिल्या पानापासून आहे.

बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ (१८५७) ही मराठीतली पहिली कादंबरी म्हणून अभ्यासक्रमात शिकवली जाते आणि धर्मप्रचारासाठी लिहिलेली म्हणून तिथेच बाजूला ठेवली जाते. तिचा रूपबंध मात्र क्वचितच वाचला जातो. एक तरुण, शिकलेली स्त्री नवऱ्याबरोबर प्रवासाला निघते. मुक्कामामुक्कामावर विधवांच्या कहाण्या गोळा करते. एकेका प्रकरणाची साक्ष नोंदवत सबंध व्यवस्थेविरुद्ध आरोपपत्र तयार होत जाते. प्रवास, चौकशी, दांपत्यप्रेम ही तिन्ही द्रव्ये इथे आहेत. पदमनजींनी निकाल धर्मांतराच्या बाजूने लावला हे खरे. तपासाचा साचा मात्र त्या निकालापेक्षा मोठा आहे. मराठी कादंबरीचा जन्म एका स्त्रीने केलेल्या चौकशीतून झाला, ही गोष्ट आपल्या वाङ्मयेतिहासांनी ठळकपणे लिहायला हवी होती.

पंचवीस वर्षांनी हा धागा वऱ्हाडात येतो. १८८१ मध्ये सुरतेला विजयालक्ष्मी या ब्राह्मण विधवेवर स्वतःच्या अनौरस अर्भकाच्या हत्येचा खटला चालला. तिला फाशी सुनावण्यात आली आणि पुढे शिक्षा सौम्य झाली. ‘पुणे वैभव’सारख्या पत्रांनी या निमित्ताने एकूण स्त्रीजातीच्या नीतिमत्तेवर झोड उठवली. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी त्याला उत्तर म्हणून ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहिली आणि १८८२ मध्ये पुण्याच्या छापखान्यातून ती बाहेर पडली. हा ग्रंथ आज स्त्रीवादाचा आद्य दस्तऐवज म्हणून वंदनीय ठरला आहे आणि वंदनीय ग्रंथांचे होते ते त्याचेही झाले आहे : त्यातला खुनाचा खटला विसरला जातो आणि त्यातले हसू ऐकूच येत नाही.

ताराबाईंची पद्धत हेराची आहे. प्रेत सापडलेले आहे, आरोपी सापडली आहे, तिला शिक्षाही सुनावली आहे; प्रकरण मिटले असे सारे मानतात त्या ठिकाणी ताराबाई ते पुन्हा उघडतात. अर्भकाला बाप असणारच, तो कुठे आहे? पुनर्विवाह कोणी बंद केला? स्त्रियांच्या अंगी चिकटवलेले दुर्गुण एकेक करून पुरुषांच्या अंगी किती आहेत? हे सारे प्रश्न त्या बोचऱ्या, घरगुती, खट्याळ भाषेत विचारतात. उपहास, नक्कल, अतिशयोक्ती, स्वयंपाकघरातल्या उपमा ही सगळी हलक्याफुलक्या लेखनाची हत्यारे आहेत. त्यांचा हलकेपणा मात्र कुठल्याही कराराने आलेला नाही. त्यांच्या लेखी मृत्यू अपवाद नाही, काळ संपलेला नाही आणि शोधातून मिळालेले ज्ञान कुठल्याही पुरुषाच्या ओंजळीत सुपूर्त करण्याची तयारी नाही. याची किंमत त्यांना मिळाली. जोतीराव फुल्यांनी ‘सत्सार’मध्ये पाठराखण केली, हा अपवाद वगळता ग्रंथ विस्मृतीत गेला, स. गं. मालशे यांनी तो १९७५ मध्ये पुन्हा प्रकाशित करीपर्यंत जवळजवळ शतक उलटले.

मधल्या काळात मराठी रहस्यकथा भरभराटीला आली. गो. ना. दातारांनी रेनॉल्ड्सची रूपांतरे केली. बाबूराव अर्नाळकरांनी हजारांहून अधिक पुस्तके लिहून एका पिढीला वाचायला शिकवले. पण त्यांच्या नायकांची नुसती नावे पाहावीत : धनंजय, झुंजार, काळापहाड. तपास हे पौरुषाचे क्षेत्र ठरले आणि चौकशी करणाऱ्या बाईसाठी मराठीत ‘भोचक’ हा शब्द उरला. म्हणून हेरबाई मराठीत का नाही, या प्रश्नाचे उत्तर असे की ती होती, तिला तपासावरून काढून टाकण्यात आले.

४

वऱ्हाडातला तो तपास आज कोण करते, हा प्रश्न इतिहासाच्या कपाटातून बाहेर यायला भाग पाडतो. यवतमाळचे नाव गेली दोन-अडीच दशके शेतकऱ्यांच्या आत्महत्यांशी जोडले गेले आहे. २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांचा दौरा झाला. विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची मदत जाहीर झाली, त्यांत हा जिल्हा होता. याच सुमारास राज्यशासनाने एक लाख रुपयांच्या सानुग्रह मदतीची पद्धत घालून दिली आणि तिच्याबरोबर एक तपासयंत्रणा. घरातल्या माणसाच्या मृत्यूनंतर पंचनामा होतो, तलाठ्याचा अहवाल जातो, जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील समिती बसते आणि मृत्यू ‘पात्र’ की ‘अपात्र’ ते ठरवते. सातबारावर नाव होते काय, कर्ज बँकेचे किंवा परवानाधारक सावकाराचे होते काय, ते थकले होते काय, दुसरे काही कारण होते काय?

ही शुद्ध हेरकथेची रचना आहे. प्रेत, सुगावे, कागदपत्रे, शेवटी निकाल. फरक इतकाच की इथे खुनी शोधायचा नसतो; शोधायचे असते मेलेल्याच्या शेतकरीपणाचे प्रमाण. आणि चौकशीच्या खुर्चीसमोर बसलेली असते त्याची बायको. तिचे स्वतःचे नाव सातबारावर बहुधा नसते, म्हणून आयुष्यभर निंदण-वेचणी करूनही ती कागदावर शेतकरी नसते. तिने स्वतःचा जीव दिला तर तो शेतकऱ्याचा मृत्यू ठरवायला वेगळी खटपट करावी लागते. घरातले सर्वांत जास्त ज्या व्यक्तीला ठाऊक, तिला या तपासात स्थान आहे ते फक्त साक्षीदाराचे.

साहित्यव्यवहाराने यापेक्षा वेगळे काय केले? जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळला ९२ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन अरुणा ढेरे यांच्या अध्यक्षतेखाली भरले. उद्घाटनासाठी नयनतारा सहगल यांना दिलेले निमंत्रण मागे घेण्यात आले आणि गदारोळानंतर जिल्ह्यातल्याच, नवऱ्याच्या आत्महत्येनंतर संसार सांभाळणाऱ्या एका स्त्रीच्या हस्ते उद्घाटन झाले. या घटनेचे पुष्कळ कौतुक झाले. पण एका विचारवंत स्त्रीची जिभेवरची सत्ता नाकारून तिच्या जागी दुसरीला तिच्या दुःखासह उभे करणे, यात यवतमाळच्या स्त्रीविषयी एक ठाम वाङ्मयीन समजूत दिसते : तिने रडावे, साक्ष द्यावी, हळवे करावे. तिने तपास करावा, शंका घ्यावी, खट्याळपणे उलट विचारावे, अशी अपेक्षा त्या मांडवात नव्हती.

या समजुतीला छेद देणारी एक कृती मराठीत झालेली आहे आणि ती कादंबरी नाही, चित्रपट आहे. सतीश मनवर यांच्या ‘गाभ्रीचा पाऊस’ (२००९) मध्ये विदर्भातल्या एका कोरडवाहू शेतकऱ्याच्या शेजारी आत्महत्या होते. त्या दिवसापासून अलकाला आपल्या नवऱ्याचा, किस्नाचा संशय येऊ लागतो. तो गप्प बसला तर का, उशिरा आला तर कुठे होता, दोर कशाला उचलला. ती लहानग्या दिनूला बापाच्या पाळतीवर लावते. सासूलाही कामाला लावते. नवरा खूश राहावा म्हणून ऐपत नसताना गोडधोड करते. बापाच्या मागे मागे फिरणारे ते पोर पाहून प्रेक्षक हसतो आणि हसता हसता त्याचा घसा दाटतो.

हेरबाई, पाळत, प्रेम, विनोद : हलक्याफुलक्या रहस्यकथेचे सारे घटक या झोपडीत हजर आहेत, फक्त त्यांची मांडणी उलटी आहे. परवीन किंवा कावेरी प्रेत पडल्यानंतर येतात. अलका ते पडू नये म्हणून आधी कामाला लागते. तोदोरोव्हच्या भाषेत, इथे तपासाची कथा आधी आहे आणि गुन्ह्याची कथा अजून घडायची आहे. आणि ज्याच्यावर पाळत आहे तोच संभाव्य बळी. ज्या कर्जाने, बियाण्याच्या भावाने, लहरी पावसाने त्याला तिथवर आणले, त्यांच्यावर पाळत ठेवण्याचे साधन मात्र अलकापाशी नाही. विनोद तिच्या या अपुरेपणातून जन्मतो. प्रेमप्रकरणही इथे तपासाच्या शेवटी मिळणारे बक्षीस नाही, तपासाचे साधनच आहे. संसारातली माया पहाऱ्याचे रूप घेते तेव्हा ती किती केविलवाणी आणि किती हुशार होते, हे मराठी कथनसाहित्यात इतक्या नेमकेपणाने क्वचितच आले आहे. अलका ही ताराबाईंच्या प्रांतातली, त्यांच्या वळणाची हेरबाई आहे. आश्चर्य एवढेच, की या चित्रपटावर लिहिताना ‘ग्रामीण वास्तव’ या शब्दाशी लेखणी थांबते. त्याच्या रूपबंधाला हेरकथा म्हणण्याचे धाडस होत नाही.

५

यावर दोन आक्षेप येणे शक्य आहे. पहिला रंजनवाद्यांचा : दिवसभराच्या कामाने थकलेल्या वाचकाला दोन घटका हसवणाऱ्या पुस्तकावर दुष्काळाचे आणि कर्जाचे ओझे कशाला? याचे उत्तर असे की ओझे समीक्षा टाकत नाही. कादंबरीने ‘ऐतिहासिक’ हे विशेषण स्वतःहून लावून घेतले आहे. १९२१ चा पोशाख हवा, पण १९२१ ची यादी नको, ही निवड लेखकाची आहे. तिच्याविषयी विचारणा करणे हे समीक्षेचे किमान काम आहे. आणि ताराबाईंचे, अलकाचे उदाहरण दाखवते की ओझ्यासकट हसता येते.

दुसरा आक्षेप उलट बाजूने, सामाजिक बांधिलकीच्या पक्षाकडून येईल : जिथे माणसे मरताहेत तिथे हलक्याफुलक्या रहस्यकथेचा विषय काढणे हीच मुळात क्रूर चेष्टा नाही काय? हा आक्षेप सद्भावनेतून येतो, तरी तो अधिक घातक आहे. एखाद्या जिल्ह्याच्या वाट्याला एकच रस ठरवून देणे हे त्या जिल्ह्यावर लादलेले वाङ्मयीन भारनियमन आहे. मुंबईच्या स्त्रीला बुद्धी, विनोद, प्रेम, साहस हे सारे. यवतमाळच्या स्त्रीला करुणरस, तोही उद्घाटनापुरता. गुन्हेगार जमातींच्या कायद्याने माणसांच्या एका समूहाला एकच भूमिका देऊन टाकली होती. शोकांतिकेशिवाय दुसरे काही लिहूच नये, असे म्हणणारी समीक्षा सद्भावनेने तेच करते. ज्या घरात पाळत ठेवणारी अलका आहे त्या घरात हसू नव्हते असे कोण म्हणेल?

तेव्हा भांडण हलकेपणाशी नाही आणि हेरबाईशीही नाही. भांडण आहे ते मृत्यूला अपवाद, इतिहासाला पोशाख आणि सत्तेला प्रियकर बनवणाऱ्या त्या कराराशी. मराठीत उद्या कोणी १९०० सालच्या वणीची किंवा १९३० च्या पुसदची हेरबाई लिहायला बसली, तर तिने शकुंतलेच्या डब्यात असिस्टंट कमिशनरसमोर बसण्याऐवजी माग जाणणाऱ्या एखाद्या पारधिणीच्या मागून चालत जावे. आणि प्रेताजवळ पोचल्यावर खुनी कोण हे विचारण्याआधी, हा मृत्यू कोणत्या वहीत कोणत्या रकान्यात लिहिला गेला, ते पाहावे. तिला प्रेमही करू द्यावे, थट्टाही करू द्यावी.

समीक्षेपुरते काम याहून जवळचे आहे आणि ते कादंबरीची वाट पाहत बसण्याचे नाही. ‘यमुनापर्यटन’ धर्मप्रचाराच्या खात्यातून काढून चौकशीच्या कथनाचा आरंभ म्हणून वाचावे लागेल. ‘स्त्रीपुरुष तुलना’ एका खुनाच्या खटल्याचे पुनर्परीक्षण म्हणून, त्यातल्या हास्यासकट शिकवावी लागेल. रहस्यकथेचा इतिहास लिहिताना धनंजय-झुंजारांच्या यादीबरोबर, तपासावरून कोणाला वगळले गेले याची नोंद ठेवावी लागेल. विदर्भातल्या विद्यापीठांतून ग्रामीण साहित्यावर प्रबंध होतात. त्यांतल्या एखाद्याने तरी पंचनामा आणि पात्र-अपात्रतेचा अहवाल हे कथनाचे प्रकार म्हणून अभ्यासायला घ्यावेत. त्या अहवालांत निवेदक कोण, साक्षीदार कोण आणि कोणाचे वाक्य अर्ध्यावर तोडले आहे, हे प्रश्न कथनमीमांसेचेच आहेत. त्यांची उत्तरे शोधायला कुणी परकी हेरबाई येणार नाही.